आवर्तसारणीतला आकडा कुणाचा?

अकरावीचे वर्ग सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यातच कुणीतरी विचारते, "सर, पिरिऑडिक टेबलसाठी चांगलं ॲप कोणतं?" प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता बहुतेक ठिकाणी जुनाच असतो. ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना नोव्हेंबर २०१६ मध्ये निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगॅनेसन ही नावे अधिकृतपणे मिळाली, तरी कित्येक तक्त्यांवर 'उनउनट्रियम' वगैरे तात्पुरती नावे अजून नांदत आहेत. शिवाय एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळल्यापासून सीबीएसईकडून आलेल्या मुलांची सारणीशी खरी ओळख अकरावीतच होते, आणि ती बहुधा मोबाइलच्या पडद्यावर होते.

तरीही एखाद्या ॲपचे नाव सांगून मोकळे होणे मला पटत नाही. भिंतीवरच्या तक्त्यातील चौकटीत चिन्ह, नाव, अणुअंक आणि अणुवस्तुमान एवढेच मावत असे. डिजिटल सारणीत तीच चौकट उघडली की गुणधर्मांची लांबलचक यादी समोर येते आणि त्यातील प्रत्येक आकडा सारख्याच टाइपात, सारख्याच ठामपणे लिहिलेला असतो. त्यातील कोणता प्रयोगाने मोजलेला आहे, कोणता गणिताने काढलेला आहे, कोणता निव्वळ भाकीत आहे आणि कोणता एका विशिष्ट व्याख्येपुरताच खरा आहे, हे चौकट आपणहून सांगत नाही. ते विचारण्याची सवय लागणे हा माझ्या मते या साधनांचा सर्वांत मोठा उपयोग आहे, आणि पुढचे सारे लिखाण त्याच अनुषंगाने आहे.

साधनांची ओळख थोडक्यात उरकतो. शेफिल्ड विद्यापीठातील मार्क विंटर यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले 'वेबएलिमेंट्स' हे वेबवरच्या सर्वांत जुन्या आवर्तसारण्यांपैकी एक. त्याची मांडणी आजच्या मुलांना जुनाट वाटते, पण एकाच गुणधर्माच्या निरनिराळ्या व्याख्या निरनिराळ्या ठेवण्याची शिस्त त्यात आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. १९९७ पासून चालू असलेले 'पीटेबल' हाताळायला सर्वांत सोपे. गुणधर्म, इलेक्ट्रॉन, समस्थानिक आणि संयुगे असे त्याचे विभाग आहेत. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या सारणीत मूलद्रव्याचा इतिहास, उपयोग आणि त्याच्या पुरवठ्यातील जोखीमही दिलेली असते, त्यामुळे प्रकल्पाची वही लिहिणाऱ्याला ती उपयोगी पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 'पबकेम'ची सारणी दिसायला साधी आहे, पण तिच्यातील सगळी माहिती एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. त्याविषयी शेवटी लिहितो. मूलद्रव्ये प्रत्यक्षात कशी दिसतात आणि पेटतात हे पाहायचे असेल, तर नॉटिंगहॅम विद्यापीठातील मार्टिन पोलियाकॉफ यांच्या चमूने २००८ पासून केलेल्या चित्रफितींना तोड नाही. सीझियम पाण्यात टाकून दाखवणे आमच्या प्रयोगशाळेत शक्य नाही आणि इष्टही नाही.

आता मुद्द्याकडे येतो. कोणत्याही सारणीची परीक्षा घ्यायची असेल तर 'अणुत्रिज्या' हे सदर उघडावे आणि लिथियमचा आकडा पाहावा. आपल्या शालेय पुस्तकांत तो १५२ पिकोमीटर असतो. पबकेममध्ये १८२ दिसतो. ज्या सारणीत गणिताने काढलेल्या त्रिज्या आहेत तिथे १६७, स्लेटर यांनी १९६४ मध्ये दिलेल्या अनुभवजन्य त्रिज्या जिथे वापरल्या आहेत तिथे १४५, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहसंयुज त्रिज्यांचा संच जिथे घेतला आहे तिथे १२८. एकाच अणूच्या या पाच त्रिज्या पाहून मुले आधी गोंधळतात आणि मग 'नेटवर काहीही असतं' असा निष्कर्ष काढून पुस्तकाकडे वळतात. वास्तविक पाचही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. अणूला चेंडूसारखी ठाम कड नसते; इलेक्ट्रॉनचा ढग बाहेर जाताना विरळ होत जातो. त्यामुळे 'त्रिज्या' म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते. १५२ हा लिथियम धातूच्या स्फटिकातील शेजारच्या दोन केंद्रकांमधील अंतराचा निम्मा भाग आहे, तर १८२ ही एकमेकांशी बंध न करता जवळ आलेल्या अणूंवरून ठरवलेली व्हॅन डर वाल्स त्रिज्या आहे. फेटा बांधून मोजलेली उंची आणि फेटा उतरवून मोजलेली उंची वेगळी येणारच. अडचण तेव्हा होते, जेव्हा एकाची फेट्यासह आणि दुसऱ्याची फेट्याविना मोजून दोघांची तुलना केली जाते.

आणि अशी तुलना सहज होऊन बसते. ऑक्सिजनची व्हॅन डर वाल्स त्रिज्यासुद्धा १५२ पिकोमीटरच आहे. पुस्तकातून लिथियमचा आणि ॲपमधून ऑक्सिजनचा आकडा घेतला, तर आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होतो हा नियमच खोटा ठरतो. पुस्तकातला ऑक्सिजन मात्र ६६ वर आहे. निऑनचे कोडेही याच जातीचे. पुस्तकात फ्लोरिनपर्यंत घटत आलेली त्रिज्या निऑनला एकदम वाढते, कारण निऑन बंध करीत नसल्याने त्याची व्हॅन डर वाल्स त्रिज्याच द्यावी लागते आणि ती १५४ आहे. गणिताने काढलेल्या संचात फ्लोरिन ४२ आणि निऑन ३८ असा उतार सरळ चालू राहतो. डिजिटल सारणीत हे दोन्ही आलेख एका टिचकीसरशी एकामागून एक पाहता येतात. फळ्यावर मला जे समजावताना अर्धा तास लागतो ते तिथे क्षणात दिसते, अर्थात कुणीतरी 'आता दुसरी त्रिज्या निवडून पाहा' असे सांगितले तर.

विद्युत ऋणतेच्या, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या क्षमतेच्या, सदरात वेगळीच गंमत आहे. पाउलिंग यांची श्रेणी बंधऊर्जांवरून काढलेली आहे, म्हणून ज्या मूलद्रव्याची मोजता येतील अशी संयुगेच नाहीत त्याला त्या श्रेणीत आकडा नाही. हेलियम, निऑन आणि आरगॉन यांच्या चौकटी तिथे रिकाम्या असतात, क्रिप्टॉनला ३.०० आणि झेनॉनला २.६ असा आकडा आहे, कारण त्यांची संयुगे आहेत. चांगली सारणी ही जागा रिकामी सोडते. काही फुकट ॲप मात्र तिथे शून्य लिहितात, आणि मग आलेखात फ्लोरिनच्या ३.९८ च्या शिखरावरून निऑन थेट जमिनीवर आपटतो. 'माहीत नाही', 'लागू नाही' आणि 'शून्य' या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्या ॲपच्या कर्त्याला कळत नाही त्याचे बाकीचे आकडेही मी तपासल्याशिवाय घेत नाही.

याच सदरात श्रेणी बदलून पाहावी. ॲलन यांची श्रेणी बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांच्या सरासरी ऊर्जेवर आधारलेली असल्याने तिला संयुगांची गरज नाही; तिच्यात फ्लोरिन ४.१९३ वर आणि निऑन ४.७८७ वर आहे. म्हणजे 'सर्वाधिक विद्युत ऋण मूलद्रव्य कोणते' या प्रश्नाचे उत्तर श्रेणीबरोबर बदलते. परीक्षेत अर्थातच फ्लोरिन लिहायचे, कारण प्रश्न पाउलिंग श्रेणी गृहीत धरूनच विचारलेला असतो. तिथेच आणखी एक बारकावा आढळतो. पुस्तकात नायट्रोजन आणि क्लोरीन दोघांनाही ३.० दिलेले असते, पण सारणीत ते ३.०४ आणि ३.१६ आहेत, पुस्तकातला समसमान गुण हा पूर्णांकनाचा परिणाम आहे.

सगळ्यात जास्त रमावे अशी सोय म्हणजे तापमानाची पट्टी. पीटेबलमध्ये ही पट्टी सरकवली की त्या तापमानाला कोणते मूलद्रव्य स्थायू, कोणते द्रव आणि कोणते वायू, हे रंगांनी दिसते. खोलीच्या तापमानाला दोनच मूलद्रव्ये द्रव असतात, ब्रोमीन आणि पारा, हे वाक्य सगळ्यांना पाठ असते; पण ते २५ अंश सेल्सिअसचे वाक्य आहे. पट्टी ३१८ केल्विनवर, म्हणजे ४५ अंशांवर आणावी. चंद्रपूरकरांना मे महिन्यात हे तापमान नवे नाही. सीझियम २८.५ अंशांना आणि गॅलियम २९.८ अंशांना आधीच वितळलेले असते, रुबिडियम ३९.३ ला वितळते, आणि ४५ च्या अगदी अलीकडे, ४४ अंशांच्या जरा पुढे, फॉस्फरसही द्रव होतो. मुले इथे थबकतात आणि थबकायलाच हवे. फॉस्फरस कोणता? आगपेटीच्या घासपट्टीवरचा तांबडा फॉस्फरस चंद्रपुरातही वितळत नाही. सारणीतला आकडा पांढऱ्या फॉस्फरसचा आहे. एका मूलद्रव्याला एकच चौकट मिळत असल्यामुळे अपरूपांपैकी, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या रूपांपैकी, एकाची निवड करणे सारणीला भाग पडते, आणि ती निवड कुठली हे बहुतेक वेळा तळटीपेत दडलेले असते. कार्बनची घनता पाहतानाही हाच प्रश्न विचारावा लागतो, ती २.२ च्या आसपास दिसली तर ग्रॅफाइट आणि ३.५ दिसली तर हिरा.

पट्टी दुसऱ्या टोकाला, शून्य केल्विनकडे नेली की हेलियमसकट सारी मूलद्रव्ये स्थायू झालेली दिसतात, कारण यादीत हेलियमचा द्रवणांक ०.९५ केल्विन असा भरलेला असतो. हा आकडा खरा असला तरी तो वातावरणाच्या सुमारे पंचवीस पट दाबाचा आहे. साध्या दाबाला हेलियम कितीही थंड केले तरी स्थायू होत नाही, आणि त्याचे कारण पुंजभौतिकीत आहे: हलक्या अणूंची शून्यबिंदू ऊर्जा त्यांच्यातील दुबळ्या आकर्षणाला पुरून उरते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचार करायला लावणारी गोष्ट एका चौकटीत आहे आणि सारणी ती सरसकट रंगवून टाकते. आर्सेनिकच्या बाबतीत तर काही याद्यांत द्रवणांक १०९० केल्विन आणि उत्कलनांक ८८७ केल्विन असा उलटा क्रम सापडतो. ही छपाईची चूक नव्हे. आर्सेनिक नेहमीच्या दाबाला वितळण्याआधीच संप्लवनाने वायू होते, तो ८८७ चा आकडा. आणि वितळलेले पाहायचे तर दाब वाढवावा लागतो, तो १०९० चा. दोन वेगवेगळ्या दाबांचे आकडे एका ओळीत बसवल्यावर दुसरे काय होणार!

इलेक्ट्रॉन संरूपणासाठी माझी कसोटी ठरलेली आहे. नवे ॲप कुणी दाखवले की मी क्रोमियम, तांबे आणि पॅलेडियम या तीन चौकटी उघडायला सांगतो. क्रोमियमच्या ३डी उपकवचात पाच आणि ४एस मध्ये एक इलेक्ट्रॉन हवा, तांब्याच्या ३डी मध्ये दहा आणि ४एस मध्ये एक, तर पॅलेडियमच्या ४डी मध्ये दहा आणि ५एस मध्ये एकही नको. ज्या ॲपमध्ये संरूपणे नियमाने आपोआप तयार केलेली असतात तिथे क्रोमियमला ३डी मध्ये चार आणि ४एस मध्ये दोन दिसतात, आणि मग ते ॲप तिथल्या तिथे काढून टाकावे हे बरे. तीन चौकटी, अर्धे मिनिट. त्रिमिती चित्रांत गोल कक्षांमधून गरगरणारे इलेक्ट्रॉन दाखवणाऱ्या सारण्यांबद्दलही मी साशंक आहे. नववी-दहावीत कवचांतील इलेक्ट्रॉन मोजण्यापुरते ते चित्र ठीक; अकरावीत ऑर्बिटल शिकवायचे आणि मोबाइलवर सूर्यमाला फिरत ठेवायची, याने होणारा घोळ निस्तरायला मग वर्ष जाते. ऑर्बिटलचे आकार नीट पाहण्यासाठी वेबएलिमेंट्सच्याच कर्त्याचे 'ऑर्बिट्रॉन' हे दालन अधिक उपयोगी आहे.

अणुवस्तुमानाबद्दल मुलांची तक्रार अशी असते की पुस्तकात क्लोरीन ३५.५, ॲपमध्ये ३५.४५ आणि आणखी कुठे ३५.४५३. हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्यावा. पीटेबलचा समस्थानिकांचा विभाग उघडला की क्लोरीन-३५ चे वस्तुमान ३४.९६८८५ आणि प्रमाण ७५.७६ टक्के, तर क्लोरीन-३७ चे वस्तुमान ३६.९६५९० आणि प्रमाण २४.२४ टक्के असे मिळते. भारित सरासरी ३५.४५३ येते. पण हे प्रमाण पृथ्वीवर सगळीकडे तंतोतंत सारखे नसते, म्हणून आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ च्या तक्त्यापासून काही मूलद्रव्यांना एका आकड्याऐवजी पल्ला दिला आहे. क्लोरीनचा पल्ला ३५.४४६ ते ३५.४५७ असा आहे. विज्ञानाच्या दृष्टीने हे अधिक प्रामाणिक आहे, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने गैरसोयीचे. स्पर्धा परीक्षांत गणकयंत्र चालत नाही आणि आवश्यक अणुवस्तुमाने प्रश्नातच दिलेली असतात, तिथे ३५.५ दिले असेल तर ३५.५ च घ्यावे, ॲपमधले तीन दशांश तिथे आणू नयेत.

किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या चौकटीतला कंसातला आकडा मात्र सरासरी नसतो, हे आवर्जून सांगावे लागते. टेक्नेशियमखाली कुठे ९७ तर कुठे ९८ लिहिलेले आढळते. दोन्ही समस्थानिकांचे अर्धायुष्य सुमारे ४२ लाख वर्षे असल्याने कुणाला दीर्घायुषी म्हणायचे यावर तक्ते बदलले. पण रुग्णालयात हाडांच्या किंवा हृदयाच्या तपासणीसाठी जे टेक्नेशियम टोचतात ते ९९एम असते आणि त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे. चौकटीतला आकडा वाचून 'हे बेचाळीस लाख वर्षे अंगात राहणार का' असे विचारणारा विद्यार्थी हुशार आहे असे समजावे आणि त्याला समस्थानिकांचा तक्ता दाखवावा.

शोधाच्या सनाबद्दल एक उपकथा सांगून पुढे जातो. हेलियमसमोर काही ठिकाणी १८६८ आणि काही ठिकाणी १८९५ असे साल दिसते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच, सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा नोंदवली. आणि १८९५ मध्ये रॅमसे यांनी युरेनियमच्या खनिजातून हा वायू पृथ्वीवर प्रथम वेगळा केला. विजयदुर्गावरील 'साहेबाचे ओटे' दाखवून लॉकयर यांनी तिथूनच हेलियम शोधला असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. अभिमान असावा, पण लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते हेही सांगावे.

भौतिकशास्त्राच्या मुलांना आवर्तसारणी ही रसायनवाल्यांची मिरास वाटते, आणि बहुतेक ॲपही रसायनाच्याच अंगाने बनवलेली असतात. एकक हा पहिला अडथळा. आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, रसायनात किलोज्यूल प्रति मोल आणि भौतिकशास्त्रात इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असते. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे मोलमागे ९६.४८५ किलोज्यूल, एवढे लक्षात ठेवले की ऑक्सिजनचे १३.६१८ हे १३१४ होतात आणि नायट्रोजनचे १४.५३४ हे १४०२. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या आण्विक वर्णपट संग्रहात हे आकडे इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, मोजणीतील अनिश्चिततेसह मिळतात. ज्या आकड्याबरोबर अनिश्चितता दिलेली असते त्यावर माझा अधिक विश्वास बसतो.

दुसरा अडथळा अधिक फसवा आहे. बारावीत प्रकाशविद्युत परिणामाची उदाहरणे सोडवताना सीझियमचे वर्क फंक्शन लागते आणि मुले ॲपमधून आयनीभवन ऊर्जा उचलतात, ३.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पुस्तकातले वर्क फंक्शन २.१४ आहे. पहिला आकडा वायुरूपातील एकट्या अणूपासून इलेक्ट्रॉन ओढून काढण्याचा, तर दुसरा धातूच्या पृष्ठभागातून तो बाहेर काढण्याचा. धातूत बाह्यतम इलेक्ट्रॉन एका अणूचा राहिलेलाच नसतो. बऱ्याच सारण्यांत वर्क फंक्शन हे सदरच नाही, म्हणून जे दिसते तेच घेतले जाते.

या मुलांसाठी माझा आवडता स्वाध्याय इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांचा आहे. निस्टच्याच क्ष-किरण संग्रहातून काही धातूंच्या के-आल्फा या ठळक क्ष-किरण रेषेची ऊर्जा घ्यावी: लोह ६.४०, कोबाल्ट ६.९३, निकेल ७.४८, तांबे ८.०५ आणि मॉलिब्डेनम १७.४८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. मग सारणीतून अणुअंक घ्यावा, त्यातून एक वजा करावा, उरलेल्या संख्येचा वर्ग करावा आणि १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टने गुणावे. हे १०.२ म्हणजे हायड्रोजनच्या १३.६ चे तीन चतुर्थांश, म्हणजे बोर यांच्या सूत्रातून आलेले. लोहासाठी ६.३८, तांब्यासाठी ८.०० आणि मॉलिब्डेनमसाठी १७.१५ येते. जड अणूंकडे जाताना फरक वाढतो, पण रेषा ढळत नाही. आता याच धातूंची अणुवस्तुमाने पाहावीत. कोबाल्टचे ५८.९३ आणि निकेलचे ५८.६९, वस्तुमानाने लावले तर निकेल आधी यायला हवे. क्ष-किरण मात्र कोबाल्टला २७ वर आणि निकेलला २८ वर निःसंदिग्धपणे बसवतात. १९१३ मध्ये मोझली यांनी हे दाखवेपर्यंत अणुअंक हा केवळ रांगेतला क्रमांक होता. मोझली पुढे १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. पाच धातू, एक साधा आलेख आणि वर्गात बसून मिळालेला शंभर वर्षांपूर्वीचा निकाल. हा स्वाध्याय मोबाइलवरही होतो.

केंद्रकीय भौतिकीसाठी तर वेगळाच तक्ता हवा, आणि तो कागदावर नीट मावतच नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा 'लाइव्हचार्ट' किंवा ब्रुकहेवन प्रयोगशाळेचा 'न्यूडॅट' उघडला की एका अक्षावर न्यूट्रॉन आणि दुसऱ्या अक्षावर प्रोटॉन असे हजारो चौरस दिसतात, आणि मधून स्थिर केंद्रकांची एक चिंचोळी वाट जाते. युरेनियम-२३८ च्या चौरसापासून सुरुवात करून क्षयाच्या दिशेने एकेक पायरी उतरत गेले की थोरियम-२३४ चे २४ दिवस, रेडियम-२२६ ची १६०० वर्षे, रेडॉन-२२२ चे ३.८ दिवस असे करत शिसे-२०६ ला येऊन थांबायला होते. आठ अल्फा, सहा बीटा. पुस्तकात हे उदाहरण वस्तुमानांक आणि अणुअंकाच्या वजाबाकीने सोडवलेले असते. इथे ते पटावर चालून पाहता येते.

मोबाइलवर जाहिरातींनी भरलेली फुकट ॲप घेण्यापेक्षा ब्राउझरमधून ही संकेतस्थळे उघडावीत असेच मी सांगतो. जिथे इंटरनेटचा भरवसा नाही अशा शाळेच्या संगणकावर 'कॅल्झियम' हे मुक्त सॉफ्टवेअर एकदा बसवले की जोडणीशिवाय चालते. मराठी माध्यमातून येऊन अकरावीत एकदम इंग्रजी संज्ञांना सामोरे जाणाऱ्यांसाठी मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील मूलद्रव्यांच्या नोंदी फार चांगल्या आहेत, विशेषतः धातू मिळवण्याच्या पद्धती आणि इतिहास यांसाठी. आकडे मात्र ती नोंद छापली गेली त्या काळचे समजावेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातील बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. त्यांतील अणू बांधण्याचे सिम्युलेशन दहावीच्या वर्गाला पुरेसे आहे.

शेवटी पबकेमच्या फाइलविषयी. सारणीच्या पानावरून सगळी माहिती सीएसव्ही स्वरूपात उतरवून ती स्प्रेडशीटमध्ये उघडावी आणि अणुअंकाविरुद्ध आयनीभवन ऊर्जेचा आलेख विद्यार्थ्याने स्वतः काढावा. २, १०, १८, ३६, ५४ आणि ८६ वर शिखरे येतात, त्यांच्या लगेच पुढे अल्कली धातूंच्या दऱ्या, आणि नायट्रोजनकडून ऑक्सिजनकडे जाताना ती प्रसिद्ध छोटी खळी. तयार आलेख पाहण्यात आणि हा आलेख आपल्या हाताने काढण्यात फरक पडतो, कारण काढताना अडचणी येतात. स्तंभातील रिकाम्या पेशी स्प्रेडशीटने शून्य धरू नयेत यासाठी आलेखाच्या सेटिंगमध्ये 'गॅप' निवडावे लागते. शोधाच्या वर्षाच्या स्तंभात सोने, तांबे वगैरेंपुढे सालाऐवजी 'प्राचीन' अशा अर्थाचा शब्द असतो, त्यामुळे तो स्तंभ क्रमाने लावताना अडतो. घनतेच्या स्तंभात वायू आणि धातू एकाच एककात असल्याने साध्या प्रमाणावर सगळे वायू तळाशी चिकटतात आणि लॉगरिदमिक प्रमाण घ्यावे लागते. आणि आयनीभवन ऊर्जेचा आलेख काढताना शंभराच्या पुढे जपून जावे. लॉरेन्सियमची, म्हणजे १०३ व्या मूलद्रव्याची, आयनीभवन ऊर्जा २०१५ मध्ये प्रत्यक्ष मोजली गेली आणि ती सुमारे ४.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरली. त्यापुढच्या मूलद्रव्यांसमोर एखाद्या यादीत आकडे भरलेले दिसले, तर ते कुठून आले हे पाहेपर्यंत आलेखात वेगळ्या रंगाने दाखवावेत.